गिरणी कामगार, मुंबईतील : वेतन, लाभ व कामाचे तास

मुंबईच्या कापड गिरण्यांतील कामगारांना मिळणारे वेतन, त्यास जोडून येणारे भत्ते व लाभ आणि कामाच्या वेळेची व्यवस्था यांचा सुमारे सव्वाशे वर्षांचा इतिहास हा भारतातील औद्योगिक सेवाशर्तींच्या घडणीचा एक प्रमुख अध्याय होय. महागाई भत्ता, बोनस, साप्ताहिक सुटी, प्रसूतीलाभ, वेतनाचे प्रमाणीकरण यांसारख्या ज्या गोष्टी पुढे देशभरातील नोकरदारवर्गाने गृहीत धरल्या, त्यांपैकी बऱ्याच गोष्टींचा निर्णय प्रथम गिरणगावातील संपांतून, चौकशी समित्यांतून आणि औद्योगिक न्यायालयांतून लागला. या इतिहासाची एक दुसरीही बाजू आहे. कामात काही लवचिकता हवी, हे गिरणीमालक व कामगार या दोघांनाही आरंभापासून मान्य होते; मात्र तिची किंमत कोणी मोजावयाची, हा त्यांच्यातील खरा वाद होता.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीची ताडदेव येथील गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली. पुढील तीन-चार दशकांत गिरण्यांची संख्या झपाट्याने वाढली व रत्नागिरी, सातारा, पुणे, अहमदनगर या जिल्ह्यांतून माणसे कामासाठी येऊ लागली. त्यांना कामावर घेणे, कामावरून काढणे, खात्यातील कामाची वाटणी करणे हे सारे अधिकार व्यवहारात जॉबरच्या किंवा मुकादमाच्या हाती असत. स्त्रियांच्या खात्यांत हेच काम नायकीण करी. काम मिळविण्यासाठी आणि ते टिकविण्यासाठी जॉबरला दस्तुरी द्यावी लागे. म्हणजे कामगाराच्या हाती पडणारे वेतन हे गिरणीच्या पगारपत्रकातील वेतनापेक्षा नेहमीच कमी असे. जुन्या अहवालांतील वेतनाचे आकडे वाचताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

वेतन देण्याच्या दोन पद्धती होत्या. सूतकताईच्या खात्यांतील बहुसंख्य कामगारांना ठराविक महिन्याचा पगार मिळे, तर साचाखात्यातील विणकरांना व स्त्रियांच्या काही खात्यांना कामाच्या मापाप्रमाणे. पगार महिन्याचा असला, तरी तो महिना संपताच मिळत नसे. पुढील महिन्याचा पंधरवडा उलटेपर्यंत तो गिरणीत अडकून राही. नव्याने आलेल्या माणसाला पहिला पगार हाती येईपर्यंत जवळजवळ दीड महिना वाण्याच्या उधारीवर आणि सावकाराच्या कर्जावर काढावा लागे. मुंबईतील कामगाराच्या कर्जबाजारीपणाची मीमांसा करताना त्या काळच्या अनेक लेखकांनी त्याच्या लग्नकार्यातील उधळपट्टीवर भर दिला आहे. पण पगार उशिरा देण्याच्या या प्रथेने त्याला पहिल्याच महिन्यात कर्जदार केले होते, याकडे त्या मानाने कमी लक्ष गेले. दंडांची पद्धतही जाचक होती. कापडात दोष निघाल्यास ते ठाण विणकराच्या गळ्यात मारून त्याची किंमत पगारातून वळती करून घेत. काही ठिकाणी एका दिवसाच्या खाड्याबद्दल दोन दिवसांचा पगार कापण्याचीही प्रथा होती.

कामाचे तास : दिव्याची सोय होण्यापूर्वी गिरण्या सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत चालत. त्यामुळे कामाचा दिवस ऋतुमानाप्रमाणे कमीअधिक होई. हिवाळ्यात तो लहान असे, तर उन्हाळ्यात तेरा-चौदा तासांपर्यंत जाई. सोराबजी शापूरजी बंगाली यांनी १८७८ पासून कारखान्यांवर कायद्याचे नियंत्रण असावे म्हणून खटपट केली. १८८१ च्या पहिल्या कारखाना अधिनियमाने सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास मनाई केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांसाठी नऊ तासांची मर्यादा घातली. प्रौढ कामगारांचा त्यात विचारच नव्हता. लँकाशरच्या गिरणीमालकांचा या कायद्यामागील हितसंबंध उघड असल्यामुळे हिंदी वृत्तपत्रांपैकी अनेकांनी त्याला विरोध केला. हा विरोध देशी उद्योगाच्या रक्षणार्थ होता हे खरे. तथापि त्यामुळे कामगाराच्या बाजूने बोलणारी देशी माणसे थोडीच राहिली.

त्या थोड्यांत नारायण मेघाजी लोखंडे (१८४८–९७) यांचे स्थान पहिले आहे. सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते आणि ‘दीनबंधु’चे संपादक असलेल्या लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची सभा भरविली व सुमारे ५,५०० सह्यांचे निवेदन सिद्ध केले. त्यातील मागण्या आजही लक्षपूर्वक वाचण्याजोग्या आहेत : आठवड्यातून एक दिवस सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम, मागील महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत आणि कामावर दुखापत झाल्यास भरपाई. वेतनवाढीची मागणी या यादीत नाही. कामगाराला आधी त्याचा वेळ आणि वेळेवर पगार हवा होता. १८९० च्या एप्रिलमध्ये भरलेल्या मोठ्या सभेनंतर त्याच वर्षी १० जूनला गिरणीमालक संघाने रविवारची सुटी मान्य केली. पुढील वर्षीच्या, म्हणजे १८९१ च्या अधिनियमाने साप्ताहिक सुटीला कायद्याचे अधिष्ठान दिले, स्त्रियांच्या कामावर अकरा तासांची मर्यादा घातली आणि बालकामगाराचे किमान वय नऊ केले. प्रौढ पुरुष पुन्हा कायद्याबाहेरच राहिला.

विजेचे दिवे गिरण्यांत आल्यावर सूर्यास्ताची नैसर्गिक मर्यादाही संपली. १९०५ च्या सुमारास तेजीच्या काळात काही गिरण्या दिवसाचे चौदा-पंधरा तास चालू लागल्या आणि त्यावरून कामगारांत असंतोषाचे उद्रेक झाले. १९०६ ची समिती व १९०७-०८ चा कारखाना कामगार आयोग यांच्या चौकशीनंतर १९११ च्या अधिनियमाने कापड गिरण्यांतील प्रौढ पुरुषांसाठी प्रथमच बारा तासांची मर्यादा आली. त्यानंतरची वाटचाल तुलनेने वेगाने झाली. १९२० च्या संपानंतर दहा तासांचा दिवस मुंबईत मान्य झाला; १९२२ मध्ये आठवड्याला ६० तास, १९३४ मध्ये ५४ तास आणि १९४६ मध्ये ४८ तास अशी कायदेशीर मर्यादा उतरत गेली. शेवटची दुरुस्ती झाली त्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरखात्याचे सदस्य होते. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने ४८ तासांचा आठवडा कायम केला, जादा कामाला दुप्पट दर लावला आणि वर्षात २४० दिवस काम केलेल्यास दर वीस दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा दिली.

कायद्यातील तास आणि प्रत्यक्ष कामाचे तास यांत मात्र फरक असे. दिवस फार लांब असल्याने कामगार अधूनमधून खात्याबाहेर येत. तंबाखू ओढणे, आंघोळ, जेवण, गप्पा हे सारे गिरणीच्या आवारातच चाले आणि जॉबर तिकडे काणाडोळा करी. गिरण्या यासाठीच गरजेपेक्षा काही अधिक माणसे पटावर ठेवीत. १९२९–३१ च्या व्हिटली आयोगापुढे मालकांनी याला कामचुकारपणा म्हटले. कामगारांच्या बाजूने असा युक्तिवाद झाला, की बारा तास सलग यंत्रासमोर उभे राहणे मानवी शरीराला शक्यच नसते. अशी विश्रांती हा त्या लांब दिवसाचाच एक भाग होता. तास कमी झाले, तसा कामाचा ताण वाढविण्याचा आग्रहही वाढला. दोन साच्यांऐवजी तीन किंवा चार साचे एका विणकराकडे देणे, सूतकताईत एका माणसाकडे दोन बाजू देणे, या सुसूत्रीकरणाच्या योजना १९२० नंतरच्या दशकात पुढे आल्या, त्या याच पार्श्वभूमीवर.

महागाई भत्ता व बोनस : पहिल्या महायुद्धकाळात धान्याच्या व कापडाच्या किंमती भराभर वाढल्या. गिरण्यांना नफाही विलक्षण झाला. मूळ वेतनाला हात न लावता त्यावर टक्केवारीने एक वेगळी रक्कम देण्याची तोड मालकांनी काढली. महागाई ओसरली की ती सहज काढून घेता यावी, हा त्यामागील हेतू होता. हाच महागाई भत्त्याचा उगम. नफ्यातून वर्षाला एकदा बक्षिसी देण्याची प्रथाही याच वर्षांत पडली. काही वर्षे बोनस मिळाल्यावर १९२३ साली मालकांनी तो नाकारला, तेव्हा १९२४ च्या जानेवारीत सुमारे दीड लाख कामगार संपावर गेले. मुख्य न्यायाधीश सर नॉर्मन मॅक्लाउड यांच्या अध्यक्षतेखालील समितीने बोनसवर कामगारांचा कायदेशीर हक्क पोहोचत नाही, असा निर्वाळा दिला आणि संप फसला. बोनस म्हणजे मालकाची मेहेरबानी की लांबणीवर टाकलेले वेतन, हा प्रश्न पुढे जवळजवळ चाळीस वर्षे गाजला. १९२५ मध्ये मालकांनी वेतनात ११.५ टक्के कपात जाहीर करताच पुन्हा मोठा संप झाला. डिसेंबरात सरकारने देशी कापडावरील ३.५ टक्के अबकारी कर स्थगित केला आणि मालकांनी कपात मागे घेतली. कामगारांच्या संपाचा लाभ या प्रकरणी मालकांनाही झाला, ही त्यातील गंमत.

१९२८ चा संप एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे सहा महिने चालला. सुसूत्रीकरण, कामगारकपात व वेतनातील घट ही त्याची कारणे होती. या संपातून लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन उभी राहिली. संयुक्त संप समितीने सतरा मागण्या मांडल्या. सर चार्ल्स फॉसेट यांच्या समितीने त्यांची छाननी करून १९२९ मध्ये अहवाल दिला. याच संपात वेतनाचा जातीशी असलेला संबंध उघडपणे पुढे आला. साचाखात्यात सर्वांत अधिक कमाई होती. पण अस्पृश्य मानलेल्या कामगारांना तेथे प्रवेश नव्हता. तुटलेला धागा धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि तोच धोटा इतरांच्या हाती जाई, तेव्हा विटाळ होतो, असे कारण त्यासाठी पुढे केले जाई. सवर्ण कामगारांना हा बहिष्कार सोयीचा होता, मालकांनी तो मोडण्याची तसदी घेतली नाही आणि कामगार पुढाऱ्यांनी त्याचा उच्चार टाळला. ही बंदी उठविण्याची मागणी संपाच्या यादीत घ्यावी, हा आग्रह डॉ. आंबेडकरांनी धरला, तेव्हा कुठे ती नाखुशीने घेतली गेली. गिरणगावातील कामगार-एकजुटीचे वर्णन करणाऱ्या लेखनात हा भाग बहुधा दोन ओळींत आटोपला जातो. वस्तुतः एकाच गिरणीत, एकाच भोंग्यावर कामाला येणाऱ्या माणसांना अधिक वेतनाची दारे जन्मावरून बंद होती, हे त्या काळच्या वेतनरचनेचे एक मूलभूत वैशिष्ट्यच मानले पाहिजे.

स्त्री-कामगारांविषयीही याच वर्षी एक महत्त्वाची घटना घडली. मुंबई विधिमंडळात प्रसूतीलाभाचे विधेयक आले असता आंबेडकरांनी त्यास पाठिंबा देणारे भाषण केले. मातेला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे असल्याने त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलावा. तथापि कारखानदाराला तिच्या श्रमाचा लाभ होत असल्याने त्यानेही तो अंशतः सोसणे रास्त आहे, असे त्यांच्या प्रतिपादनाचे सार होते. १९२९ मध्ये हा अधिनियम झाला. भारतातील अशा प्रकारचा तो पहिलाच कायदा. पण पुढील इतिहास सुखद नाही. १९२० नंतरच्या दशकात गिरण्यांतील दर पाच कामगारांत साधारणतः एक स्त्री होती; ते प्रमाण पुढे सतत घटत गेले. रात्रपाळीला स्त्रियांना असलेली कायद्याची मनाई, त्यांच्या खात्यांत आलेली यंत्रे आणि प्रसूतीलाभ व पाळणाघर यांचा खर्च टाळण्याची मालकांची वृत्ती अशी निरनिराळी कारणे त्यासाठी दिली जातात. कामगार संघटनांनीही कुटुंबपोषक पुरुषाच्या वेतनावर भर दिला आणि बाहेर पडणाऱ्या स्त्रियांसाठी मोठा लढा दिला नाही. यांपैकी अनेकींनी पुढे गिरणगावात खानावळी चालविल्या. गावी कुटुंब असलेल्या एकट्या पुरुषाचे वेतन ज्या जेवणावर टिकून होते, ते जेवण याच स्त्रियांच्या अल्प मोबदल्याच्या श्रमातून शिजत होते. खानावळवाल्या स्त्रियांना सावकाराच्या पाशातून सोडविण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले.

वेतन वेळेवर देणे आणि बेकायदा कपात रोखणे यांसाठी १९३६ चा वेतन प्रदान अधिनियम झाला. एक हजारांहून कमी कामगार असलेल्या कारखान्यांत सातव्या आणि इतरत्र दहाव्या दिवसापर्यंत पगार देणे बंधनकारक झाले. दंडावर मर्यादा आली. लोखंडे यांनी १८८४ मध्ये मागितलेली पंधरा तारीख गाठून पुढे जाण्यास बावन्न वर्षे लागली. १९३७ मध्ये प्रांतिक मंत्रिमंडळे अधिकारावर आल्यानंतर नेमलेल्या चौकशी समितीने अल्पवेतनी कामगारास प्रमाणाने अधिक अशी चढती वाढ सुचविली. दुसऱ्या महायुद्धकाळात महागाई भत्त्याची सांगड राहणीखर्चाच्या निर्देशांकाशी घातली गेली आणि १९४७ मध्ये औद्योगिक न्यायालयाच्या निवाड्याने वेतनाचे प्रमाणीकरण झाले. २६ दिवसांच्या महिन्यासाठी किमान मूळ वेतन मुंबईत ३० रुपये, अहमदाबादेत २८ रुपये व सोलापुरात २६ रुपये ठरले. प्रत्येक कामाचा दर निश्चित झाल्याने एकाच कामासाठी निरनिराळ्या गिरण्यांत भिन्न वेतन देण्याची जुनी रीत बरीचशी संपली.

निर्देशांकाशी जोडलेला महागाई भत्ता हा मुंबईच्या कामगाराचा मोठा लाभ मानला जातो, आणि तो तसा होताही. पण त्यामुळे वेतनाची रचना विचित्र झाली. मूळ वेतन जवळजवळ स्थिर राहिले व भत्ता फुगत गेला. वस्त्रोद्योगाच्या पहिल्या वेतन मंडळाने मुंबईसारख्या पहिल्या वर्गातील केंद्रांना जानेवारी १९६० पासून ८ रुपये आणि जानेवारी १९६२ पासून आणखी २ रुपये एवढीच वाढ मूळ वेतनात दिली. परिणामतः कुशल व अकुशल यांच्या वेतनातील अंतर कमी होत गेले आणि घरखर्चाचा हिशेब दर महिन्याच्या आकड्यावर अवलंबून राहिला. हा आकडा कसा काढतात, हे कामगारांना चांगले ठाऊक होते. १९६३ मध्ये भाववाढ डोळ्यांना दिसत असताना निर्देशांक मात्र मागे राहतो, अशी तक्रार करून मुंबईत मोठे आंदोलन झाले. प्रा. द. ता. लकडावाला यांच्या समितीने निर्देशांकात उणिवा असल्याचे मान्य केले व तो वरच्या बाजूस दुरुस्त करावा लागला. संख्याशास्त्रातील एका तांत्रिक प्रश्नावर हजारो माणसे रस्त्यावर आल्याचे हे उदाहरण विरळाच म्हणावे लागेल.

बोनसचा वाद १९५० मध्ये पुन्हा पेटला. समाजवादी नेतृत्वाखालील मिल मजदूर सभेने त्या वर्षी १४ ऑगस्टपासून पुकारलेला संप दोन महिने चालला व फसला. त्याच वर्षी श्रम अपील न्यायाधिकरणाने गिरणीमालक संघ विरुद्ध राष्ट्रीय मिल मजदूर संघ या दाव्यात नफ्यातून घसारा, कर व भांडवलावरील परतावा वजा जाता उरणाऱ्या रकमेत कामगाराचा वाटा मानणारे सूत्र घालून दिले. १९६५ च्या बोनस प्रदान अधिनियमाने ४ टक्के किमान बोनस बंधनकारक केला. १९७२ मध्ये तो ८.३३ टक्के झाला, आणीबाणीत घटविला गेला व १९७७ मध्ये पूर्ववत झाला. ८.३३ टक्के म्हणजे नेमका एका महिन्याचा पगार. दिवाळीपूर्वी मिळणारी ही रक्कम गावच्या घराची कौले, मुलांचे कपडे आणि वाण्याची थकबाकी यांत वाटली जाई.

इतर लाभांची नोंद थोडक्यात करता येईल. अपघातभरपाईचा कायदा १९२३ चा. भविष्यनिर्वाह निधी १९५२ मध्ये ज्या पहिल्या सहा उद्योगांना लागू झाला त्यांत वस्त्रोद्योग होता. कर्मचारी राज्य विमा योजना मुंबईत १९५४ च्या ऑक्टोबरात आली व तिच्यामुळे आजारपणात वैद्यकीय मदतीबरोबर वेतनाचा काही अंशही मिळू लागला. उपदानाचा सर्वसाधारण अधिनियम १९७२ चा असून त्यानुसार सेवेच्या दर वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन मिळे. निवाऱ्याच्या बाबतीत मात्र गिरणीमालकांनी फारसे काही केले नाही. १९२० नंतर मुंबई विकास विभागाने वरळी, नायगाव, डिलाइल रोड व शिवडी येथे २०७ चाळी बांधल्या. त्या सरकारी होत्या. बहुसंख्य कामगार खाजगी चाळींतील एकेका खोलीत दहा-पंधरा जण पाळीपाळीने राहत. घरभाडेभत्ता हा गिरणी कामगाराच्या वेतनाचा भाग दीर्घकाळ नव्हता.

बदली पद्धती : गिरणीतील कामाची लवचिक व्यवस्था म्हणजे बदली पद्धती. कायम कामगार गैरहजर असेल त्या दिवशी त्याच्या जागी काम करणारा तो बदली. आरंभी ही सोय दोन्ही बाजूंची होती. कोकणातील किंवा देशावरील कामगार शिमगा, गणपती, लग्नसराई वा पेरणी-कापणी यांसाठी महिना-दोन महिने गावी जाई आणि आपल्या जागी भाऊ, पुतण्या किंवा गाववाला ठेवून जाई. परत आल्यावर जागा त्याचीच राही. भरपगारी रजा नसलेल्या काळात शेती आणि गिरणी या दोन्हींवर संसार चालविण्याचा हाच मार्ग होता. आजारपणात, म्हातारपणी किंवा संपकाळात गावाकडची जमीन हाच त्याचा विमा होता आणि हा विमा चालू राहावा म्हणून गावी जाणे त्याला भाग होते. जागा घरातल्या माणसाकडे वळविण्याची वहिवाटही यातूनच रुजली.

परंतु हीच व्यवस्था जॉबरच्या हाती पडताच तिचे स्वरूप पालटले. दररोज सकाळी गिरणीच्या फाटकाशी उभ्या असलेल्या माणसांतून कोणाला आत घ्यावयाचे, हे तो ठरवी. दस्तुरीचा बाजार सर्वाधिक तेथेच होता. यावर उपाय म्हणून गिरणीमालक संघाने १९३५ मध्ये बदली नियंत्रण योजना आणली. दर महिन्याच्या आरंभी ठराविक माणसांना बदली कार्डे देऊन त्यांनाच क्रमाने काम द्यावयाचे, अशी ती योजना होती. जॉबरची सत्ता तिने काहीशी घटली. पण बदली हा आता तात्पुरता उमेदवार न राहता एक कायमचा वर्ग बनला. रोज सकाळी भोंग्याआधी हजर राहावयाचे, काम मिळाले तर त्या दिवसाचे वेतन, न मिळाले तर रिकाम्या हाती परत, अशी त्याची दिनचर्या होती. काम नसलेल्या दिवसाचा भार गिरणीवर पडत नसे, तो सर्वस्वी त्याच्यावर पडे. २४० दिवस न भरल्याने भरपगारी रजेचा लाभ अनेकांना मिळत नसे. १९५३ मध्ये औद्योगिक कलह अधिनियमात आलेल्या कामबंदीच्या भरपाईतून बदली कामगार, वर्षभराची अखंड सेवा झाल्याखेरीज, वगळले गेले. दहा-पंधरा वर्षे बदली म्हणून काढलेली माणसे गिरणगावात सर्रास आढळत. मुलीचे लग्न ठरविताना मुलगा ‘परमनंट’ आहे की बदली, हा प्रश्न प्रथम विचारला जाई तो उगाच नव्हे.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांनी पुकारलेल्या संपात या साऱ्या प्रश्नांची गाठ पडली. मूळ वेतनात सेवाकालानुसार भरीव वाढ, घरभाडेभत्ता, प्रवासभत्ता, अधिक रजा आणि बदली कामगारांना कायम करणे या मागण्या त्यात होत्या. त्यांचा मापदंड उघड होता : ठाणे-बेलापूर पट्ट्यातील औषधनिर्मिती व अभियांत्रिकी कारखान्यांत सामंत यांनीच मिळवून दिलेले करार. एके काळी मुंबईतील सर्वाधिक संघटित असलेला गिरणी कामगार आता वेतनात धाकट्या भावाच्या मागे पडला होता. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध अधिनियमानुसार वाटाघाटींचा अधिकार केवळ राष्ट्रीय मिल मजदूर संघाला असल्याने, ज्या संघटनेमागे कामगार होते तिच्याशी बोलणी होऊ शकत नव्हती आणि जिच्याशी बोलणी होऊ शकत होती तिच्यामागे कामगार नव्हते. म्हणून हा अधिनियम रद्द करावा, हीही मागणी होती. केंद्र व राज्य सरकार वाकले नाही. मालकांपैकी अनेकांना मालाचा साठा व तोटा पाहता गिरण्या बंद राहणे गैरसोयीचे नव्हते. संपकाळात कामगारांना तगवून धरले ते गावाकडील शेतीने. बदली पद्धतीने जपलेला तो जुना धागा शेवटी उपयोगी पडला. पण दीड वर्षांनंतर तोही अपुरा ठरला. संप औपचारिक रीत्या कधीच मागे घेतला गेला नाही. १९८३ मध्ये केंद्र सरकारने तेरा गिरण्यांचे व्यवस्थापन ताब्यात घेतले. एक लाखाहून अधिक कामगारांच्या नोकऱ्या कायमच्या गेल्या आणि त्यांत पहिले गेले ते बदली.

किमान घरभाडेभत्त्याचा महाराष्ट्राचा अधिनियम १९८३ मध्येच झाला, हा योगायोग नोंदविण्यासारखा आहे. गिरण्यांतील कामाचा बराच मोठा भाग तोपर्यंत भिवंडी, मालेगाव व इचलकरंजी येथील यंत्रमागांकडे गेला होता. तेथे बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या, कामाच्या मापावर मजुरी आणि लाभांचा अभाव ही स्थिती होती, म्हणजे जवळजवळ १९११ पूर्वीची. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनींच्या विक्रीची वाट मोकळी केली. उरलेल्या कामगारांपैकी बहुतेकांना स्वेच्छानिवृत्तीची रक्कम देऊन घरी पाठविण्यात आले आणि पुढे सोडतीने घरे देण्याची योजना आली. २०१९-२० मध्ये संसदेने संमत केलेल्या चार श्रमसंहितांत १९२३, १९३६, १९४८, १९६५ व १९७२ च्या उपर्युक्त अधिनियमांचे विलीनीकरण करण्यात आले. ठराविक मुदतीच्या नोकरीला या संहितांत मान्यता असून तशा कामगारास एका वर्षाच्या सेवेनंतर प्रमाणशीर उपदान देण्याची तरतूद आहे. गिरणीच्या फाटकाशी कार्ड घेऊन उभ्या राहणाऱ्या बदलीला असा कोणताही आधार नव्हता.